डाव्या दाराचं लोखंड

गाडी धुवायला आणणारा माणूस ती आधी झाकत नाही. बाबाने झाकली. माझ्या वॉशिंग सेंटरच्या पत्र्याखाली पांढरी गाडी लावली, खाली उतरला, डिकीतून कव्हर काढलं आणि चारही बाजूंनी खेचून नीट घातलं. मग किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "सकाळी बाईंना नाशिकला न्यायचाय. त्याच्या आधी काय जमतं ता बघ."

"काय बघू? कव्हर?"

तो रस्त्याच्या कडेला जाऊन विडी पेटवत उभा राहिला. आमच्यात बापाला अरे-तुरे करतात, त्यात अनादर नसतो. उलट मी 'अहो' म्हटलं तर पोरगी रुसली असं तो समजेल. त्या दुपारी मात्र मला त्याला बरंच काही म्हणायचं होतं. माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या जव्हारला माहीत आहे.

हे सेंटर जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येतात त्या बहुतेक लाल मातीने माखलेल्या जीपा, नाहीतर शिरपामाळ बघून परतणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या. प्रेशरने पाणी मारायचं, फेस लावायचा, पुसायचं, झालं. पण लग्नानंतर काही वर्षं मी ठाण्यात गाड्यांचा रंग सुधारणाऱ्या दुकानात कामाला होते. तिथे धुणं ही नुसती सुरुवात असायची. रंगात काय रुतलंय, ते कशाने निघेल आणि कशाने रंगच निघून जाईल, हे मी तिथे शिकले. साधी धूळ असती तर बाबाने ती बाईंच्या अंगणातच धुतली असती. तो माझ्याकडे आला होता, म्हणजे धूळ नव्हती.

बाई म्हणजे डॉक्टरीणबाई. जव्हारमध्ये त्यांचा छोटा दवाखाना आहे. पुढे दवाखाना, मागे घर. आता वय झालं, अधूनमधून स्वतःच्याच तपासणीसाठी त्यांना नाशिकला जावं लागतं. मी शाळेत जायच्या आधीपासून बाबा त्यांची गाडी चालवतो. त्याआधी तो लाकडाच्या ट्रकवर क्लिनर होता. डावीकडच्या दारात लटकून, दारावर थाप मारत 'येऊ दे, येऊ दे' ओरडणारा. तिथून उजवीकडच्या सीटवर यायला त्याला किती वर्षं लागली, ते तो दर शिमग्याला नव्याने रंगवून सांगतो. पाड्यावर त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'डायवर' म्हणतात. मला गाडी शिकवली तीही त्यानेच, जामसरच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर. माझे पाय पोचत नसत म्हणून आधी खाली वाकून सीट पुढे ओढून द्यायचा, मगच मला बसू द्यायचा.

बाईंचा पुण्याचा भाचा वर्षभर त्यांच्या मागे लागला होता की म्हातारा ड्रायव्हर काढा, एखादा तरुण ठेवा. बाई ऐकत नव्हत्या. गाडीवर काही दिसलं तर भाच्याला आयतंच निमित्त मिळणार, हे बाबाला ठाऊक होतं आणि मलाही. बाबाच्या हातून स्टिअरिंग गेलं तर बाबाचं काय होईल, हा विचार मी आजवर अर्ध्यावर सोडत आले होते.

मी कव्हर ओढलं.

उजवी बाजू स्वच्छ होती. मी वळसा घालून डावीकडे आले आणि थांबले. पुढच्या दारावर, मागच्या दारावर, आरशाच्या पाठीवर, चाकावरच्या पत्र्यावर बारीक नारिंगी ठिपके उठले होते. नाचणीचे दाणे कुणी मूठभरून फेकावेत आणि ते तिथेच चिकटावेत, तसे. गंज होता तो. पण पत्रा सडला की येतो तसा फुगलेला गंज नव्हे. हा बाहेरून आलेला होता.

आणि पुढच्या दारावर, मधोमध, पंजाएवढ्या जागेत रंगाची चमकच गेली होती. तिथे ओरखडेच ओरखडे होते.

"बाबा! हे कशानं घासलंस?"

तो दुरूनच म्हणाला, "पाल्यानं."

"कसला पाला?"

"खरवताचा."

मी डोक्याला हात लावला. खरवताचं पान माहीत नसेल त्यांना सांगते, ते हाताला कानशीसारखं लागतं. आमच्याकडे भांडी त्याने घासतात, लाकूड त्यानेच गुळगुळीत करतात. बाबा बोहाड्यासाठी, आमच्या सोंगांच्या उत्सवासाठी, लाकडी मुखवटे कोरतो आणि शेवटचा हात नेहमी खरवताचा असतो. ज्या पानाने देवाचा गाल गुळगुळीत होतो, त्याने मोटारीचं दार का होणार नाही, असा त्याचा हिशेब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अरे, रंग आहे हा! सागवान नाही!"

"थोडाच घासला. मग सोडला."

"उपकार केलेस."

मी पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घातली आणि दारावरून तळवा फिरवला. पिशवीतून नुसत्या हातापेक्षा जास्त कळतं. ठाण्यातली ही युक्ती. तळव्याखाली रवाळ लागलं, अगदी खरखरीत, दिसत होतं त्याहून कितीतरी जास्त. डोळ्याला दिसणारे ठिपके हे नुसते गंजलेले कण. अजून न गंजलेले रंगात तसेच बसले होते.

लोखंडाचे कण होते ते. ठाण्यात रुळांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर असे कण मी पुष्कळ पाहिले होते. गाडीच्या ब्रेकमधून उडतात ते चाकांवर बसतात. पण जव्हारला रेल्वे नाही, आणि ब्रेकची धूळ एकाच बाजूच्या दारावर आरशाच्या उंचीपर्यंत चढत नाही. असे कण एकाच गोष्टीने येतात. जवळच कुणीतरी कटरने लोखंड कापतं, ठिणग्या उडतात, तापलेला कण रंगात रुततो आणि तिथेच थंड होतो. मग दोनचार दिवस दव पडलं की गंजतो.

"कुठं उभी केली होतीस गाडी?" मी विचारलं.

"बाईंच्याकडं. कठं जाणार?"

"लोखंड कुठं कापत होते?"

"मला काय म्हाईत? वाऱ्यानं आलं असंल."

वाऱ्याने लोखंड येत नाही. तो खोटं बोलत होता, आणि खोटं बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पण विचारत बसायला वेळ नव्हता. सकाळी बाई त्याच डावीकडच्या मागच्या दाराने गाडीत बसणार होत्या. नाकासमोर आल्यावर त्यांना दिसणारच होतं. इतके दिवस कव्हरने निभावलं होतं, पण कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही.

पत्रा तापलेला असताना औषध मारता येत नाही. फाल्गुनातलं ऊन तिरपं होऊन शेडमध्ये शिरलं होतं. मी गाडी सावलीत सरकवली, गार पाण्याने धुतली आणि हात लावून बघत राहिले. बाबा फेऱ्या मारत होता. ऊन उतरलं तसं दार गार झालं. मी मास्क लावला, हातमोजे चढवले आणि लोखंड काढायच्या औषधाची बाटली घेतली.

आधी उजव्या बाजूला मारलं. काहीच झालं नाही, फक्त चाकाच्या कडांना थोडा रंग आला. मग डावीकडे आले आणि वरपासून खालपर्यंत फवारा मारला.

पहिल्यांदा पाण्यासारखंच दिसतं. मग एकेका ठिपक्याभोवती जांभळी कड येते, ती पसरते आणि ओघळायला लागते. औषधाचा आणि लोखंडाचा संबंध आला की हा रंग येतो. रंग आला म्हणजे लोखंड सुटतंय. मला हे माहीत होतं, शेकडो वेळा पाहिलेलं होतं. तरी त्या दिवशी पांढऱ्या दारावरून जांभळाच्या रसासारखे ओघळ उतरायला लागले तेव्हा मी एक पाऊल मागे सरले. वास सडक्या अंड्याचा. बाबाने नाकाला हात लावला आणि तो बघतच राहिला.

"गाडीला मार लागलाय," तो हळूच म्हणाला.

"लागलाच आहे. कुणी दिला ते सांग."

औषध दारावर वाळू द्यायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. वाळलं तर त्याचाच डाग बसतो आणि तो काढायला आणखी घासावं लागतं. मी प्रेशरची नळी उचलली, बटण दाबलं आणि पंप सुरू होऊन लगेच बंद पडला. समोरच्या टपरीतला पंखाही थांबला होता. वीज गेली.

"बाबा, पाणी! ड्रममधनं! पळ!"

तो पळाला. मीही पळाले. निळ्या ड्रममधून बादल्या भरायच्या आणि दारावर ओतायच्या. पाणी वरून सोडलं की जांभळं खाली जायचं, पण मागच्या दारावर तोवर ते घट्ट व्हायला लागलेलं असायचं. वारा सुटला होता, तो आणखी वाळवत होता. मी ओरडत होते, "मागचं दार! मागचं!" बाबा बादली घेऊन येत होता आणि धाडकन आवाज झाला.

तो शेडच्या खांबावर आपटला होता. डावा खांदा, बादली, सगळंच. अर्धं पाणी सांडलं. तो खांब लोखंडी आहे, चांगला मांडीएवढा जाड. खड्डा खणून तो बाबाने आणि मी मिळून उभा केलेला आहे.

"लागलं?"

"नाय, नाय. ओत तू."

मी उरलेलं पाणी ओतलं. पुढच्या खेपेला पाहिलं तर तो खांबाच्या अगदी लांबून वळसा घेऊन येत होता. तेव्हा मनात काहीतरी आलं, पण हात रिकामा नव्हता. दार वाचवायचं होतं.

वाचलं. जांभळं सगळं उतरलं. मी औषध पुन्हा मारलं, या वेळी एकेक भाग घेऊन, शेजारी भरलेल्या बादल्या ठेवून. दुसऱ्यांदा ओघळ आले तेव्हा मी नीट पाहिलं. पुढच्या दारावर खालच्या अर्ध्यात सगळ्यात दाट. मागे जाताना विरळ. आरशाच्या पाठीवर दाट, आणि आरशाखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, एक हिरवी रेघ. ऑइलपेंटची. मी नखाने खरवडली. जव्हारमध्ये हिरवी फाटकं पुष्कळ असतील, पण हा जरा पोपटी, डोळ्यात भरणारा हिरवा रंग मी एकाच ठिकाणी पाहिला होता. बाईंच्या फाटकाला.

मी दार धुतलं, मग साबणाच्या पाण्यात क्लेचा गोळा भिजवून सगळी डावी बाजू हलक्या हाताने चोळली. उरलेसुरले कण त्या गोळ्याला चिकटून निघतात. पुन्हा पिशवी घालून हात फिरवला. गुळगुळीत. खरवताची जागा सोडली तर दारावर लोखंडाचा मागमूस राहिला नव्हता.

वीज अजून आली नव्हती. ओरखडे मशीनशिवाय निघणार नव्हते, म्हणून मी आत जाऊन गॅसवर चहा ठेवला. बाबा बाहेर जुन्या टायरवर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. मी ग्लास घेऊन त्याच्या डाव्या बाजूने आले आणि ग्लास पुढे केला.

त्याने घेतला नाही. रस्त्याकडे बघत राहिला. चहाची वाफ त्याच्या गालाजवळून वर जात होती.

मी तशीच उभी राहिले. त्याच्या खांद्याला माझा गुडघा लागेल इतक्या जवळ.

"अगं बाय," त्याने आतल्या बाजूला हाक मारली, "चहा ठेवला व्हतास ना?"

ग्लास बोटांना चटके देत होता. मला खाली ठेवता येईना आणि बोलताही येईना. इतका वेळ त्याच्यावर रागावले होते, तो राग कुठच्या कुठे गेला आणि मला भीती वाटली.

"हा घे," मी म्हणाले.

तो एवढा दचकला की चहा त्याच्या धोतरावर सांडला. मग हसला, उगाच. "कवा आलीस? मांजरीवानी चालतेस."

"बाबा, डाव्या डोळ्यानं दिसतं तुला?"

"दिसतं की."

मी खाली बसले, त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने त्याचा उजवा डोळा झाकला. हाताला अजून त्या औषधाचा वास होता. हनुवटीखालचा हात काढून मी बोटं त्याच्यापुढे धरली.

"किती?"

त्याने मान थोडी पुढे केली.

"किती बोटं आहेत, बाबा?"

"उजेड दिसतो," तो म्हणाला.

"आणि?"

"उजेड दिसतो ना."

मी हात काढला. आता तो माझ्याकडे उजव्या डोळ्याने बघत होता, आणि नजर चुकवत नव्हता. मग एकेक करत सगळं निघालं. दिवाळीच्या आधी डावीकडे धुकं यायला लागलं. वाटलं, थंडीचं असेल. मग धुकं जाईना. म्हणून यंदा बोहाड्यासाठी मुखवटा कोरायला घेतला नव्हता. आम्हाला सांगितलं होतं, लाकूड चांगलं मिळालं नाही. आणि काही दिवसांपूर्वी, भरदुपारी, गाडी आत घेताना फाटकाची डावी फळी त्याला दिसलीच नाही. आवाज आला तेव्हा कळलं. आरसा मिटला म्हणून वाचला, फाटकाचा गज मात्र वाकला.

"मग वेल्डरला बोलावलं?"

"बोलावला. बाई दवाखान्यात पेशंट बघत व्हत्या. खिडकीतनं फाटक दिसतो ना त्यांना. ठिणग्या दिसल्या असत्या."

"म्हणून?"

"म्हणून गाडी आडवी लावली. मधी."

मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसू आलं. बाईंना दिसू नये म्हणून त्याने गाडीचाच पडदा केला होता, आणि सगळ्या ठिणग्या त्या पडद्याने अंगावर घेतल्या होत्या. चूक झाकायला जे पुढे केलं, त्यावरच ती उमटून आली. मी इथे संध्याकाळभर दार पुसत बसले होते, आणि दुखणं दाराचं नव्हतंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"उद्या तू गाडी चालवणार नाहीस," मी म्हणाले.

"उद्याची एक खेप. मग मीच सोडीन."

"तोरंगणच्या घाटातनं? एका डोळ्यानं?"

"त्या रस्त्यानं मी डोळं मिटून जाईन."

"तेच तर करतोयस."

तो उठला. पाठ करून उभा राहिला. मी मागून बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. "रस्त्याच्या डाव्या कडेनं कोण चालतं, सांग मला. मोळ्या घेऊन बाया चालतात. सकाळची शाळेतली पोरं चालतात. आपलीच माणसं आहेत ती, बाबा. तुला डायवर म्हणून हात करतात. तू त्यांना बघितलंच नाहीस आणि..."

"पुरे."

"बाईंना सांग तू. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

तो वळला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सांगितल्यावर मी दिसभर काय करू, ता पन सांग."

मी रिकामा ग्लास उचलून आत नेला.

दिवे लागायच्या सुमाराला वीज आली. मी पॉलिशचं मशीन काढून खरवताच्या जागेवर बसले. जोर लावला तर रंग खालपर्यंत जाईल, नाही लावला तर ओरखडे राहतील. थोडं फिरवायचं, पुसायचं, तिरपा दिवा धरून बघायचं, पुन्हा थोडं. बाबा दिवा धरून उभा होता. बरेच ओरखडे गेले. काही खोल होते, ते राहिले. समोरून बघितलं तर काही नाही, पण कडेने बघितलं की तिथे अंधुक ढग दिसायचा, आणि बोटाला तर कळायचाच.

"हे पूर्ण जाणार नाही," मी म्हणाले.

"नाय जाऊ दे. करवंदीची जाळी घासली, असा सांगंन. बाईंना पटंल."

पटलंच असतं. आमच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी करवंदी असते, कुणाची गाडी सुटत नाही. मी मशीन बंद केलं, दाराला मेण लावलं आणि किल्ली माझ्याकडेच ठेवली. गाडी रात्री सेंटरवरच राहिली.

सकाळी तो धुतलेला शर्ट घालून सेंटरवर आला, दाढी करून. नाशिकच्या खेपेला तो असाच येतो. मी गाडी बाईंच्या घरापर्यंत नेली, तो शेजारी बसला होता. फाटकाच्या डाव्या फळीत एक गज बाकीच्यांपेक्षा ताज्या हिरव्या रंगाचा होता. माहीत असेल त्यालाच दिसेल एवढा फरक. अंगणात मी सीट पुन्हा त्याच्या मापाला मागे सरकवली, खाली उतरले आणि किल्ली त्याच्या हातात दिली. किल्ली माझ्याकडे दिसली असती तर बाईंनी मलाच विचारलं असतं, आणि सांगायचं काम माझं नव्हतं. पण तो नुसता गाडीत बसून निघाला, तर मी पुढे आडवी उभी राहणार होते. बाईंसमोर बापाची अब्रू काढणार होते. रात्रभर मी हेच घोकलं होतं.

बाई काठी टेकत बाहेर आल्या. पर्स, फाइल, पाण्याची बाटली. गाडीकडे बघून थांबल्या.

"अगं, ही आपलीच गाडी ना? नवी करून आणलीस की!"

मी हसण्याचा प्रयत्न केला. बाबाने मागचं डावं दार उघडून धरलं. बाई आधाराला हात टेकत पुढून आल्या, आणि तो हात पुढच्या दारावरून सरकत आला. मधोमध थांबला. आयुष्यभर माणसं चाचपलेली बोटं ती. त्यांनी वाकून कडेने पाहिलं.

"इथे काय झालं हो, दादा?"

मी बाबाकडे पाहिलं. 'करवंदी' हा शब्द मला त्याच्या ओठांवर दिसत होता. एकच शब्द, आणि बाई मान डोलावून गाडीत बसल्या असत्या.

"ता मी घासला, बाई," बाबा म्हणाला. "खरवताच्या पाल्यानं. लोखंड बसला व्हता."

"लोखंड? कुठून?"

"तुमच्या फाटकाचा." त्याने मागचं दार तसंच धरून ठेवलं होतं. "फाटकाला गाडी मीच लावली, बाई. मला दिसला नाय. डावा डोळा गेलाय माझा."

बाईंनी काठी सरळ केली. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. दिवाळीनंतर त्या कुठे कुठे गेल्या, कुठल्या घाटाने, कुठल्या धुक्यात, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं. चेहरा लाल झाला.

"आणि तुम्ही मला त्या रस्त्याने नेत होतात?"

"व्हय, बाई."

एवढंच. सबब नाही, विनवणी नाही. बाईंनी रागाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गाडीत बसल्या. बाबाने दार हलकेच लावलं आणि बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून तो ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. सांगितलं तरी शेवटची खेप मागणार हा, असं वाटलं. मी दोन पावलं पुढे झाले.

त्याने दार उघडलं, खाली वाकला, सीटखालचा दांडा ओढला आणि सीट पुढे सरकवून दिली. माझ्या पायांएवढी. किल्ली सीटवर ठेवली. मग तसाच बॉनेटला हात लावत परत आला, डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि बसला.

मी माझ्या जागेवर बसले. आरसा बघायला मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते, म्हणून आरसा नीट लावायला वेळ लागला.

"नाशिकला आधी यांचा डोळा दाखवायचा," मागून बाई म्हणाल्या. "माझं नंतर." एवढं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचा राग खरा होता आणि योग्यही होता.

जव्हार मागे पडलं. बाबा समोर बघत नव्हता. त्याने मान पूर्ण डावीकडे वळवली होती, इतकी की मला त्याचा कान आणि मानेवरचे पांढरे केस तेवढे दिसत होते. त्या अंगाचं त्याने किती महिन्यांत पाहिलं नव्हतं कोण जाणे. मग एकदम म्हणाला, "सायकल हाय."

"बघितली."

"बाया हायत, मोळीवाल्या." जरा वेळाने, "पोरां हायत शाळंची. हळू घे."

मला पोरं दिसली होती. तरी मी आणखी हळू घेतली. एका पोराने त्याला ओळखून हात केला, बाबाने खिडकीतून हात वर केला.

मोखाड्याच्या पुढे घाटात एका अरुंद वळणावर समोरून एसटी आली. मला डावीकडे दाबून घेणं भाग होतं, आणि तिकडे कठड्याखाली सरळ उतार होता. मी थांबले. एसटीवाल्याने हॉर्न दिला.

बाबाने काच खाली केली, अर्धा बाहेर झुकला आणि चाकाकडे बघत दारावर थाप मारली. त्याच दारावर, त्याच ढगाच्या जागी.

"येऊ दे," तो ओरडला. "येऊ दे... जागा हाय, बाय, येऊ दे."

मी गाडी त्याच्या आवाजावर पुढे घेतली.